भोकरदनची बाई, मुक्काम नेपल्स

आमच्या दिंद्रुडात नवा माणूस आला की त्याचं नाव कोणी विचारत नाही, आधी गाव विचारतात. एसटीतून उतरून त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आत चहाच्या टपरीवरून हाक येते, "पाव्हणं, कोणतं गाव?" गाव कळलं की पुढचं काम सोपं. तिथं कोणाकडचे, तिथल्या अमक्याला ओळखता का, त्याची मेहुणी आमच्या भावकीत दिलेली आहे. चहा संपायच्या आत नातं निघतं. नाव शेवटपर्यंत कळलं नाही तरी कोणाचं काही अडत नाही.

वस्तुसंग्रहालय पाहायला एवढी एक विद्या पुरेशी आहे असं माझं मत आहे. काचेच्या कपाटातली वस्तू म्हणजे तरी काय, परगावाहून आलेला पाहुणाच. शहरी लोक तिची शैली विचारतात, काळ विचारतात, मोबाइल पुढं करून तिच्यासोबत स्वतःचाच फोटो काढतात आणि पुढच्या कपाटाकडे सरकतात. तिचं गाव कोणतं, इथं आणली कोणी आणि परत कधी जाणार, हे तिला कोणीच विचारत नाही.

युरोपातल्या शहरांची संग्रहालयं कशी पाहावीत हे सांगायला हल्ली तिथलेच रहिवासी पुढं येतात. कोणत्या दिवशी गर्दी कमी, तिकीट कुठल्या खिडकीवर, कॉफी कुठल्या गल्लीत, सगळं सांगतात. मी तसंच नेपल्सबद्दल सांगणार आहे. मी नेपल्सला गेलेलो नाही. दिंद्रुडहून नेपल्सला थेट गाडी नाही. तेलगावला बदलावी लागते आणि तिथून पुढंही बरीच बदलावी लागते. तरीही त्या रहिवाशांपेक्षा माझा हक्क जुना आहे. ते त्या शहराचे गाववाले असतील, मी तिथल्या वस्तूचा गाववाला आहे.

ती वस्तू म्हणजे वीतभरापेक्षा थोडी उंच अशी एक हस्तिदंती बाई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई नावाचं गाव राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात तिथल्या एका घरात ही बाई सापडली. अंगावर दागिने भारतीय, उभं राहण्याची ऐट भारतीय. पहिल्यांदा सगळे तिला लक्ष्मी म्हणाले, मग विचार करून यक्षी म्हणायला लागले. ज्या घरात ती सापडली त्या घरालाच आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणतात. म्हणजे घरमालकाचं नाव गेलं आणि पाहुणीचं राहिलं. असं दिंद्रुडातसुद्धा सहसा होत नाही.

तिच्या माहेराबद्दल पुढं बोलूच. पण कोणीही उठून एकदम नेपल्सला जाऊ नये. आधी सराव करावा.

सरावाला पहिली जागा हैदराबाद. परळीहून रेल्वे आहे आणि शहर आपल्याला परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यातच होता. तिथं मुसी नदीच्या काठी सालारजंग संग्रहालय आहे. सालारजंग म्हणजे निजामाचे दिवाण, असे तिघे होऊन गेले. तिसऱ्यांनी लग्न केलं नाही आणि सगळा पैसा वस्तूंवर घातला. ते १९४९ मध्ये वारले आणि १९५१ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय सुरू झालं. शुक्रवारी बंद असतं. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. कारण आपल्याकडची सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात आणि सोमवार चुकवण्याच्या नादात नेमके शुक्रवारी पोचलेले पुष्कळ लोक मला माहीत आहेत. ते सगळे मग चारमिनारसमोर बांगड्या घेऊन परत येतात.

तिथली सगळ्यात प्रसिद्ध बाई म्हणजे 'व्हेल्ड रिबेका'. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ही मूर्ती पहिले सालारजंग १८७६ मध्ये रोमहून घेऊन आले. बाई संगमरवराची आणि तोंडावरचा झिरझिरीत पदरही संगमरवराचाच. पदराआडून नाक-डोळे दिसतात. लोक तिच्यापुढं उभे राहून "कसं कोरलं असंल हो" एवढंच पुन्हापुन्हा म्हणतात. आमच्या आत्यानं तिला दोन्ही बाजूंनी पाहिलं, स्वतःचा पदर सारखा केला आणि शेजारच्या गार्डला विचारलं, "ही कोणाची सून?"

गार्ड गडबडला. पण प्रश्न अगदी बिनचूक होता. बायबलातली रिबेका ही अब्राहमाची सून, परगावाहून उंटावर बसवून आणलेली. होणारा नवरा शेतातून येताना दिसला तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला, असं त्या कथेत आहे. कलेच्या पुस्तकात हे चार पानांनंतर येतं. आत्याला ते पदरावरूनच कळलं.

मग घड्याळ. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं हे घड्याळ तास झाला की घंटा वाजवतं आणि ती वाजवायला आतून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो. त्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून लोक जागा धरून बसलेले असतात. बाराच्या ठोक्याला तर यात्राच. आमचे मामा पुढच्या रांगेत बसले. दाढीवाला आला, त्यानं बारा ठोके दिले आणि गेला. टाळ्या झाल्या. मामा उठेनात. ते पाहत होते दुसऱ्या बाहुल्याकडं. त्याच घड्याळात एक लोहार आहे आणि तो दर सेकंदाला हातोडा मारतो, दिवसभर, न थांबता. त्याच्याकडं कोणी बघत नाही. मामा म्हणाले, "बारा ठोके देणाऱ्याला टाळ्या. आन् हा सकाळपासून राबायलाय, त्याला काय? शुक्रवारी तरी सुट्टी देतात का?"

आता हे सगळं पाहताना एक हिशेब मनात येतो आणि तो आल्याशिवाय मराठवाड्याच्या माणसाचं सालारजंग पूर्ण होत नाही. आमच्या पणजोबांनी ज्वारी विकून त्याच राज्यात सारा भरला. त्यातले आणे-दोन आणे तरी या पदरात आणि या ठोक्यात गेले असतील. म्हणून तिकीट काढताना आमची माणसं जरा नाराजच असतात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात उलटा धोका आहे. तिथल्या वस्तूंची गावं विचारावी लागत नाहीत. त्या आपल्याच घरच्या निघतात. कवी म्हणून 'अज्ञातवासी' या नावानं लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, पोळपाट, फण्या अशा वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. बाजीराव रस्त्यावरच्या त्या जुन्या वाड्यात आत्या अडकित्त्यांच्या कपाटापाशी जी थांबली ती हलेना. "ह्यो बघ. असाच होता आपल्याकडं, मोराचा. तुझ्या चुलतीनं भांडेवाल्याला दिला आन् ष्टीलचा डबा घेतला." पुढची तीन दालनं तिनं चुलतीच्या नावानं पाहिली. घरी आल्यावर दोघींत जे बोलणं झालं त्याचा वस्तुसंग्रहालयशास्त्राशी थेट संबंध नसल्यामुळे ते इथं देत नाही.

सरावाची शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे तेर. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. आमच्याकडचे लोक तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात, नारळ फोडतात आणि परत फिरतात. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे, हे शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं. तेर म्हणजे जुन्या काळचं तगर. फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे ओळखलं. सातवाहनांच्या काळात इथून थेट रोमपर्यंत माल जायचा.

लामतुरे तेरचेच. गावाभोवती जुन्या वस्तीच्या पांढरी. पाऊस पडून गेला की वरची माती वाहून जायची आणि मणी, नाणी, मातीची खेळणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडायचे. बाकीचे त्यावरून चालत गेले, लामतुरे वाकले. अशा वाकून वाकून उचललेल्या हजारो वस्तू आज तिथं आहेत. याचं मोठेपण कळायला मराठवाड्यातली शेती माहीत पाहिजे. पांढरीच्या मातीनं पीक जोरात येतं, माळवदावरही तीच टाकतात. त्यामुळे आमच्याकडं कित्येक गावांचा सगळा इतिहास गाडी-गाडीनं रानात गेला आणि त्यावर कापूस चांगला आला. उरलेला इतिहास दगडाचा असेल तर त्याला शेंदूर लागला. शेंदूर लागलेल्या वीरगळाला कोणी हात लावत नाही, चोरही नाही आणि संशोधकही नाही. जतनाचा इतका स्वस्त आणि पक्का उपाय युरोपात अजून कोणाला सुचलेला दिसत नाही.

तर तेरच्या या संग्रहालयात एक छोटी हस्तिदंती बाई आहे. तिच्यापुढं नीट उभं राहा. कमरेचा दागिना बघा, केसांची ठेवण बघा. चेहरा लक्षात ठेवा, कारण तिची नातलग आपल्याला सात समुद्रांपलीकडं ओळखायची आहे.

आता नेपल्स.

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय, मंगळवारी बंद. म्हणजे हैदराबाद शुक्रवार, तेर सोमवार, नेपल्स मंगळवार. हे वार घरातल्या कॅलेंडरवर एकादशीच्या शेजारी लिहून ठेवावेत. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, पण खायची बाहेर. आत पिशवी उघडली की मूर्तींवर नजर ठेवणारा गार्ड आपल्यावर नजर ठेवायला लागतो. पायातलं काढायची गरज नाही. हे घरच्या वडीलधाऱ्यांना दोनदा सांगा, नाहीतर ते दारातच चपला काढतील आणि मग सगळा वेळ त्यांचं लक्ष चपलांकडं राहील.

पहिल्याच दालनांत पांढऱ्या दगडाची खूप माणसं उभी दिसतील. त्यातली बहुतेक विनाकपड्यांची. मामांसारखा माणूस सोबत असेल तर त्याला आधी हर्क्युलीसपाशी न्यावं. फार्नेसे घराण्याच्या संग्रहातला हा पुतळा. गडी प्रचंड ताकदीचा, पण काखेत सोटा टेकवून मान खाली घालून उभा आहे. पार थकलेला. पाठीमागच्या हातात फळं धरली आहेत. दसऱ्याला घर सोडून सहा महिने कारखान्यावर ऊस तोडून आलेल्या माणसाला त्याच्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. बीड जिल्ह्यातला कोणीही त्याला पाहिल्यावर एवढंच म्हणेल की आता याला बसू द्या.

त्यानंतर फार्नेसे बैल. हा चुकवायचा नाही. १५४६ मध्ये रोममधल्या काराकाल्लाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सापडलेलं हे शिल्प भलतंच मोठं आहे. उधळलेला बैल, त्याला धरणारे दोन भाऊ आणि बैलाला बांधली जाणारी दिर्के नावाची बाई. तिनं त्यांच्या आईचा छळ केला होता, म्हणून ही शिक्षा. कलाप्रेमी लोक इथं शिल्पाची रचना बघतात. दिंद्रुडकर बैल बघेल आणि बघितल्या बघितल्या त्याला चूक सापडेल. बैलाला वेसण कुठाय? एवढा खोंड शिंगाला धरून आवरतो का कोणी? मोठ्या आवाजात हे म्हणायला हरकत नाही. इटालियन लोकही मोठ्यानंच बोलतात, हातवारे करून बोलतात. आपला आवाज त्यात खपून जातो.

वरच्या मजल्यावर पॉम्पेईच्या एका घरातली फरशी आहे. फरशी म्हणजे अलेक्झांडर आणि दारियस यांची लढाई, दहा लाखांहून जास्त बारीक रंगीत खड्यांची. दुरुस्तीला काढलेली नसेल तर जरूर पाहावी. इथं आत्या विचारणार की एवढं चित्र पायाखाली, मग ही माणसं चालायची कुठून? याला माझ्याकडं उत्तर नाही आणि मार्गदर्शक पुस्तकांतही मला मिळालेलं नाही.

आता मुख्य काम, आणि ते जरा अवघड आहे. आपली हस्तिदंती बाई ज्या दालनात ठेवली आहे त्याचं नाव 'गुप्त दालन'. पॉम्पेईत जी जी चावट चित्रं आणि वस्तू सापडल्या त्या सगळ्या इथं एकत्र ठेवलेल्या आहेत. १८१९ मध्ये नेपल्सचा राजपुत्र बायको आणि मुलीला घेऊन संग्रहालय बघायला आला, आणि हा भाग बघून त्यानं हुकूम काढला की हे सगळं कुलपात घाला, फक्त पोक्त आणि सभ्य माणसांनाच दाखवा. सहकुटुंब टीव्ही बघताना रिमोट शोधणाऱ्या प्रत्येक बापाला त्याची अवस्था समजेल. पुढं कधी उघड, कधी बंद असं करत सन २००० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. चौदा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस लागतं. मोठ्या माणसासोबत कोण लागतं, हे लिहिलेलं नाही.

माझी सूचना अशी. दालनात शिरताना मान खाली घालावी, उजवीडावीकडं बघू नये आणि कोणी विचारलं तर सरळ सांगावं की आम्ही आमच्या गावच्या बाईला भेटायला आलोय. ते खरंच आहे. मामा मागं रेंगाळले तर त्यांना हाक मारू नये, सगळ्यांचंच लक्ष जातं.

बाई समोर आली की घाई करू नका. एक पाय दुसऱ्यावरून घेऊन ती आरामात उभी आहे. गळ्यात माळा, कमरेला मेखला, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे, हातांत कोपरापर्यंत बांगड्या. वस्त्र म्हणाल तर जवळजवळ नाहीच, म्हणून तर बिचारीला या शेजारात आणून बसवलं. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातांत शृंगाराची सामग्री. तिच्या हाताकडं नीट बघा. आमच्याकडच्या बंजारा तांड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या याडीच्या हातातही अशाच दाटीनं बांगड्या चढलेल्या असायच्या. इटलीतल्या माणसाला ही 'पूर्वेकडची गूढ स्त्री' वाटते. आपल्याला वाटतं, बाजाराच्या दिवशी हिला कुठंतरी पाहिलंय.

इथं आपला ठेवणीतला प्रश्न विचारायचा, "बाई, कोणतं गाव?"

यावर विद्वानांत भाऊबंदकी आहे. तेरच्या बाईचा तोंडवळा हिच्याशी जुळतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, १९७३ च्या उत्खननात अशीच एक हस्तिदंती आकृती निघाली आणि तिच्याशी तर हिचं साम्य आणखी जवळचं. त्यामुळे बरेच अभ्यासक हिचं माहेर याच पट्ट्यात धरतात. मी व्यक्तिशः भोकरदनच्या बाजूचा आहे, पण तेरला गेलो की तसं बोलत नाही. तिसरा दावा उत्तरेकडून येतो. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ही लिपी वायव्येची, तेव्हा बाईही तिकडचीच, असं काहींचं म्हणणं. ज्यानं मोंढ्यात एक सीझन काढला आहे त्याला हे पटणार नाही. पोत्यावर खूण अडत्याची असते, म्हणून तूर काही त्याच्या रानात पिकलेली नसते.

आणि ती गेली कशी, याचीही वाट उपलब्ध आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. तो म्हणतो, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथला माल गाड्यांतून भडोचला येतो आणि वाटेत मोठमोठा मुलूख असा आहे की तिथं रस्ताच नाही. आमच्या भागातल्या रस्त्यांबद्दलची ही पहिली लेखी तक्रार. पुढच्या तक्रारी त्याच नमुन्यावर चालू आहेत.

नकाशावर पैठण ते तेर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती बीडच्या जवळून जाते. दिंद्रुड थोडं पूर्वेला राहतं. पण बैलगाडी पट्टी ठेवून चालत नाही. बैल पाण्याकडं वळतात, गाडीवान ओळखीच्या घरी मुक्काम करतात. तेव्हा एखाद्या संध्याकाळी आमच्या शिवारात त्या गाड्या सुटल्या असतील, आणि भुशात गुंडाळलेली ही बाई कुठल्यातरी पेटीत पडून असेल, याला माझ्यापाशी पुरावा काही नाही. नेपल्सच्या लोकांपाशी याच्या विरुद्धही पुरावा नाही.

ऊसतोडीला जाणारी टोळी उचल घेऊन जाते आणि पट्टा पडला की परत येते. हिची उचल कोणी घेतली, मुकादम कोण होता, काही नोंद नाही. इतकी लांब गेली आणि पोचल्यावर वरून डोंगर फुटला. म्हणून आत्याला मी आधीच सांगून ठेवलंय की तिथं गेल्यावर खणनारळाचं काढू नको, काचेला अलार्म असतो. आत्या म्हणाली, "मग नुस्तं लांबूनच बोटं मोडते. गाववाल्याची नजर लागू नये म्हणून."

बाहेर पडताना दुकान लागेल. तिथं व्हेसुव्हियसचे चुंबक आणि हर्क्युलीसच्या किचेन मिळतात, भावात कमीजास्त होत नाही. पण अभिप्रायाची वही कुठं ठेवलेली दिसली तर तिथं मात्र वेळ काढा. हैदराबादच्या वहीत मामांनी लिहिलं होतं, "व्यवस्था चांगली. लोहाराकडे लक्ष द्यावे." नेपल्सच्या वहीत मराठीत स्वच्छ अक्षरात लिहा की बाईला भेटलो, तब्येत बरी आहे, शेजार बदलून मिळावा. खाली सही. सहीखाली मुक्काम पोस्ट दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. तालुका जरूर लिहा, म्हणजे उत्तर आलं तर पोस्टमन इकडंतिकडं हिंडणार नाही.